पेरासी चौदा भाषा वाचतो

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते नासारेनो पेरासीने केलं, आणि तेही भर सभेत.

सांता रुफिना गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीत तो अकरा वर्षं दुसरा पर्यायी सदस्य होता. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, तीन सदस्य, मग पहिला पर्यायी आणि सगळ्यात शेवटी, दाराच्या फटीतून वारा येतो त्या खुर्चीवर, दुसरा पर्यायी. पुढचे गैरहजर असले तरच त्याने बोलायचं, मत द्यायचं. एका हिवाळ्यात अख्खं गाव तापाने आडवं झालं तेव्हा पेरासीच्या आशेला पालवी फुटली होती. पण ऐन वेळी चिटणीस घोंगडी पांघरून शिंकत शिंकत आले आणि त्याचं मत हुकलं. तेव्हापासून चिटणिसांच्या तब्येतीची चौकशी तो जरा जास्तच आपुलकीने करत असे.

काम म्हणाल तर वर्षातून एकदाच. वार्षिक सभेच्या निमंत्रणांवर पत्ते लिहायचे. वाचनालयाचा एक जुना नियम होता की सभासदाने स्वतःच्या सहीने राजीनामा दिल्याशिवाय त्याचं नाव नोंदवहीतून काढायचं नाही. आता मेलेला माणूस सही कुठून करणार? त्यामुळे गावात पहिल्यांदा पाऊल ठेवलेले पोलिश, जर्मन, इटालियन, सीरियन असे सगळे आजे-पणजे अजून सभासदच होते आणि दर वर्षी पेरासी सुबक अक्षरात त्यांना सभेला बोलावत होता. फ्रीडाबाई हेफेल तर आपल्या आईच्या नावाने आलेलं निमंत्रण फ्रिजवर चिकटवून ठेवत. "आई तशीही वेळेवर कुठे जायची नाही," असं त्या म्हणत.

तर कार्यकारिणीच्या त्या मासिक सभेत राजधानीहून आलेलं परिपत्रक वाचलं गेलं. प्रांताच्या ग्रंथालय खात्याने संगणकावर जगभरच्या पुस्तकांचा मोठा साठा उघडला होता. शंभराहून जास्त भाषा. प्रत्येक वाचनालयाला एक टॅब्लेट मिळणार होता, तो सांभाळायला कार्यकारिणीतला एक जबाबदार माणूस हवा होता. अध्यक्ष ओफेलियाबाई मार्किसियो निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी चष्म्यावरून सगळ्यांकडे बघितलं. चिटणीस छताकडे बघू लागले. खजिनदारांना खोकला आला. आणि मागून एक हात वर आला.

"पेरासी, खिडकी लावायची आहे का?" ओफेलियाबाईंनी विचारलं.

"नाही बाई. मी करतो ते काम."

अशी जगाच्या वाङ्मयाची जबाबदारी त्याच्यावर पडली.

खात्याचं वाचककार्ड काढणं म्हणजे साधी गोष्ट नव्हती. ओळखपत्राची दोन्ही बाजूंची नक्कल, विजेचं बिल, फोटो आणि पोलीस ठाण्याचा रहिवासी दाखला. दाखला फक्त मंगळवारी मिळे आणि त्याचा शिक्का फौजदारांच्या खणात असे. फौजदार दर मंगळवारी नदीवर गळ टाकून बसत. दुसरा कुणी असता तर त्याच्या नाकी नऊ आले असते. पेरासीने मात्र चौतीस वर्षं जमीन नोंदणी कार्यालयात काढली होती, लोकांना याच कारणांनी परत पाठवत. पाच आठवडे तो रांगेत उभा राहिला तो सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा. शेवटी कार्ड हातात आलं तेव्हा त्याला थोडं वाईटच वाटलं.

"झालं एकदाचं," त्याची बायको नेलिदा म्हणाली. "आता काय वाचणार आहेस?"

हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला नव्हता. त्याने टॅब्लेट उघडून एक गाजलेली कादंबरी शोधली. तिच्याखाली लिहिलं होतं: सर्व प्रती वाचकांकडे, प्रतीक्षा यादीत आपला क्रमांक दोनशे तेरा. दुसरी शोधली. क्रमांक तीनशे सहा. चौतीस वर्षं लोकांना रांगेत उभं करणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत रांग लागावी हे त्याच्या जिव्हारी लागलं. तो बोट फिरवत राहिला आणि शेवटी एका जाडजूड पुस्तकाखाली हिरवा शब्द दिसला: उपलब्ध. त्याने तत्काळ घेतलं.

पुस्तक एस्टोनियन भाषेत होतं.

परत करायचं तर नियमाने कारण लिहावं लागे. 'वाचता येत नाही' असं कारण लिहायला तो काही तयार नव्हता. त्याने ते पुस्तक दोन दिवस पान पान करून पाहिलं. मुखपृष्ठावर बर्फ आणि एक गाय होती. पुढे पुढे गायीचं काहीतरी वाईट झालं असावं असं त्याला वाटू लागलं.

सांता रुफिनात संध्याकाळी सहा वाजता खुर्च्या फुटपाथवर येतात. पेरासीच्या दारात चौघं-पाच जण जमत. नेलिदा तुंब्यातल्या येर्बाच्या, म्हणजे कडवट चहाच्या, पानांवर थर्मासमधलं गरम पाणी ओतून तो एकेकाकडे देई. तुंबा एकच, नळी एकच, ज्याची पाळी त्याने प्यायचं आणि तिच्याकडे परत द्यायचा. नुसता परत दिला तर पुन्हा भरून येतो. 'आभारी आहे' म्हटलं की संपलं, मग कुणी विचारत नाही. आणि कुणी तुंबा हातात धरून गप्पा छाटत बसला की बाकीचे ओरडणार: तो माइक नाही रे.

"काय वाचतोयस?" औषधवाले सालोमोन गुरेविच यांनी विचारलं. ते पेरासीचे शाळेपासूनचे मित्र, म्हणजे त्याची फजिती बघण्याचा त्यांचा पहिला हक्क.

"एस्टोनियन," पेरासी म्हणाला.

"गाय मेली का?" नेलिदा म्हणाली.

"मरायला टेकली आहे."

कोपऱ्यावरच्या कापड दुकानाचा मालक यामिल नासीफ खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "अरे, यात अरबी आहे का? आजोबांची एक गोष्ट होती, गाढव आणि काझी. शेवट सांगायच्या आधीच ते नेहमी झोपी जायचे."

अरबी होतं. अडीच हजार पुस्तकं. गाढवं त्यात पुष्कळ होती.

"तूही कार्ड काढ," पेरासी म्हणाला.

"मंगळवारी? फौजदाराच्या शिक्क्यासाठी? त्यापेक्षा मी शेवट न ऐकता मरेन. तुझ्याच कार्डावर घे की. तुझा तुंबा मी पितोच ना?"

या युक्तिवादात खोट काढणं सांता रुफिनातल्या माणसाला शक्य नव्हतं. येर्बा ज्याचा त्याने वेगळा प्यायचा, असं फक्त दवाखान्यात आणि श्रीमंतांत चालतं. पेरासीने यामिलसाठी अरबी पुस्तक घेतलं. मग सालोमोनसाठी यिद्दिश, त्यांच्या ज्यू घराण्याची भाषा. त्यांच्या आजीने लहानपणी त्यांना अक्षरं शिकवली होती. ते बोट ठेवून एकेक शब्द लावू लागले आणि एका वाक्याला पाच मिनिटं घेऊ लागले. "सालोमोन, तो माइक नाही," यामिल ओरडला. आता टॅब्लेटही तुंब्यासारखा फिरू लागला होता.

फ्रीडाबाई वाचायला तयार नव्हत्या. त्यांना जर्मन फक्त कानाने कळे. मग पेरासीने एक बटण शोधून काढलं, त्यातून पुस्तक मोठ्याने बोलायला लागे. दुसऱ्या दिवशी फ्रीडाबाई स्वयंपाकघरात सॉसेज भरत होत्या आणि टॅब्लेटमधली बाई त्यांना त्यांच्या आईच्या भाषेत एका गिरणीवाल्याची गोष्ट सांगत होती. पेरासी टॅब्लेट परत न्यायला गेला तर बाई मसाल्याच्या हातानेच डोळे पुसत होत्या.

"तिखट गेलं का?" त्याने विचारलं.

"नाही हो. बेचाळीस वर्षांनी कुणीतरी माझ्याशी घरच्यासारखं बोललं." मग त्या म्हणाल्या, "आणि तिखटही गेलं."

त्या दिवशी पेरासी टॅब्लेट तिथेच ठेवून आला.

बातमी पसरायला वेळ लागत नाही. चर्चच्या मागे राहणाऱ्या युक्रेनियन घरातून निरोप आला. एका म्हातारीला पोलिश पाहिजे होतं. पेरासीच्या स्वतःच्या आजोबांची, इटलीतल्या पिएमॉन्तची बोलीही निघाली. सुट्टीला आलेल्या त्याच्या एका चुलतभावाने हट्टाने वेल्श घेतलं आणि दोन पानांत सोडलं. तीन महिन्यांत एका कार्डावर एकसष्ट पुस्तकं झाली.

मग खात्याचं पत्र आलं. जाड कागद, वर राजमुद्रा. आपल्या कार्डावर तीन महिन्यांत चौदा भाषांमधील पुस्तकं वाचली गेल्याचं पाहून खात्यास अतीव आनंद झाला आहे. प्रांतात असा वाचक दुसरा नाही. सबब अधिकारी श्रीमती तांबोरिनी शनिवारी येऊन सत्कार करतील. खाली बारीक अक्षरात: नियम नऊ, एक कार्ड एक वाचक, याची त्या वेळी पडताळणी होईल, नियमभंग आढळल्यास वाचनालयाची जोडणी कायमची बंद करण्यात येईल.

पेरासीने बारीक अक्षर आधी वाचलं. कार्यालयात आयुष्य काढलेला माणूस मोठी अक्षरं नंतर वाचतो.

"सांगून टाक," नेलिदा म्हणाली.

"सांगितलं तर टॅब्लेट जाईल. फ्रीडाबाईंची गिरणी अर्ध्यावर आहे."

"मग नको सांगू."

"नाही सांगितलं तर मला चौदा भाषा यायला पाहिजेत. शनिवारपर्यंत."

"किती येतात?"

"एक. आणि गाय."

पत्र ओफेलियाबाईंच्या हाती पडलं आणि सगळा कारभार त्याच्या हाताबाहेर गेला. गावच्या रेडिओवर सकाळ-संध्याकाळ 'चौदा भाषांचे पंडित, आपले पेरासी' असं सांगू लागले. रस्त्यात लोक त्याला थांबवू लागले. एकाने धुण्याच्या मशीनचं कोरियन पुस्तक आणलं. पेरासीने भुवया उंचावल्या, पान उलटलं आणि मधलं बटण दाबायला सांगितलं. ते मशीन मंगळवारपासून थांबलेलं नव्हतं. गुरांच्या डॉक्टरने डच औषधाची बाटली पुढे केली तेव्हा मात्र त्याने "ही फार जुनी बोली आहे" म्हणून पळ काढला. अब्रू गेली तर जाऊ दे, गाय जायला नको, इतका विवेक त्याच्यात शिल्लक होता. एक तरुणी दंडावरचं चिनी गोंदण दाखवून अर्थ विचारू लागली. "धैर्य," तो म्हणाला. तिला फार बरं वाटलं.

सर्वात मोठा धक्का गुरुवारी बसला. ओफेलियाबाई स्वतः त्याच्या घरी आल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"पेरासी, रविवारी वार्षिक सभा आहे. चौदा भाषांचा माणूस दाराच्या फटीशी बसवला तर लोक आम्हाला हसतील. तुम्हाला पूर्ण सदस्य करायचं ठरलंय. मतासकट."

मतासकट. त्या रात्री पेरासी अंथरुणात पडून छताकडे हात वर करून बघत होता.

"झोप," नेलिदा म्हणाली. "ठराव मंजूर."

शनिवारी वाचनालयाच्या दालनात पाय ठेवायला जागा नव्हती. शाळेच्या बँडने एकच येणारी धून दोनदा वाजवली. मांस भरलेल्या करंज्यांचं, एम्पनाडांचं ताट भाषणाआधीच रिकामं झालं. तांबोरिनीबाई बुटक्या, नीटस, कागदांची फाईल छातीशी धरलेल्या. त्यांना पाहताच पेरासीने ओळखलं: ही बाई आपल्यातलीच आहे, हिच्याही खणात शिक्का आहे. नेलिदाने त्यांना तुंबा दिला. त्यांनी तो तसाच हातात धरून टॅब्लेट पेरासीपुढे सरकवला.

"भाषणं नकोत. आम्हाला प्रत्येक भाषेतल्या दोन-दोन ओळी ऐकायच्या आहेत. सोपं म्हणून एस्टोनियनपासून सुरू करू या."

पेरासी उठला. बर्फ आणि गाय समोर होती. चार ओळी ठोकून दिल्या असत्या तर इथे कुणाला कळणार होतं? त्याने तोंड उघडलं. दुसऱ्या रांगेत फ्रीडाबाई पर्स घट्ट धरून बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर आईच्या नावाचं निमंत्रण होतं, शनिवारच्या कार्यक्रमालाही त्या ते घेऊन आल्या होत्या.

"बाई," तो म्हणाला, "मला चौदा भाषा येत नाहीत. एकच येते, तीही सावकाश."

चार घरं पलीकडे फिरणारं ते कोरियन मशीन दालनात स्पष्ट ऐकू आलं. ओफेलियाबाईंनी हातातल्या प्रमाणपत्राने वारा घ्यायला सुरुवात केली.

"मग पुस्तकं कुणी वाचली?" तांबोरिनीबाईंनी विचारलं.

"जर्मन माझी," फ्रीडाबाई उठल्या. "म्हणजे मी ऐकली."

"यिद्दिश माझी," सालोमोन म्हणाले. "सव्वा पुस्तक."

"अरबी माझी," यामिल म्हणाला. "काझी गाढवाला सोडतो. मी विचारही केला नव्हता."

एकेक करत बारा जण उभे राहिले. तांबोरिनीबाईंनी फाईल उघडली, नियम नऊवर बोट ठेवलं. त्यांचा चेहरा खरोखरच पडला होता. "एक कार्ड, एक वाचक. माझ्या हातात काही नाही."

हे वाक्य पेरासीने चौतीस वर्षं रोज म्हटलं होतं. त्यामुळे त्याला हेही ठाऊक होतं की हातात काहीतरी असतंच. ते कुठल्या कलमात ठेवलंय तेवढं समोरच्याला सांगावं लागतं. त्याच्या पाठीचा कणा आपोआप ताठ झाला.

"बाई, वाचनालयाची घटना बघायची परवानगी आहे? कलम बावीस. 'पर्यायी सदस्य हा गैरहजर सभासदाचे काम त्याच्या जागी करील, व ते काम त्या सभासदानेच केले असे धरले जाईल.' मी दुसरा पर्यायी. अकरा वर्षं."

"कोण गैरहजर होतं?"

पेरासीने काचेच्या कपाटातली नोंदवही काढली. उघडायची गरज नव्हती, पत्ते त्याला पाठ होते. "सभासद क्रमांक सतरा, कातारिना हेफेल. क्रमांक बावीस, रिव्का गुरेविच. क्रमांक एकतीस, हबीब नासीफ. क्रमांक नऊ, माझे आजोबा. राजीनामा कुणीच दिलेला नाही. दर वर्षी बोलावतो, कुणी येत नाही. आम्ही वाट बघतोच. यांना आपापल्या भाषेतली पुस्तकं इथे कधी मिळाली नाहीत, ती मी त्यांच्या जागी घेतली. घरी नेऊन दिली. त्यांच्या घरच्यांनी उघडली, त्याला माझा इलाज नाही. वाचक एकच. मी."

फ्रीडाबाई खाली बसल्या आणि पर्समध्ये रुमाल शोधू लागल्या. युक्ती म्हणून काढलेलं कलम बोलता बोलता पेरासीला खरंच वाटायला लागलं होतं.

तांबोरिनीबाईंनी घटना वाचली. नोंदवही तपासली. मग मान वर केली. "एस्टोनियन सभासद कुठे आहे यात?"

"नाही. ते माझं स्वतःचं."

"वाचता?"

"बघतो."

त्यांनी हातातला, एव्हाना गार झालेला तुंबा नळीचा आवाज येईपर्यंत संपवला. अख्खं दालन त्यांच्या ओठांकडे बघत होतं. 'आभारी आहे' म्हटलं की संपलं. बाईंनी एक अक्षर न बोलता तुंबा नेलिदापुढे धरला. नेलिदाने इतक्या घाईने ओतलं की अर्धं पाणी ओफेलियाबाईंच्या चपलेवर गेलं.

अहवालात त्यांनी लिहिलं: वाचक एक, दुसरा पर्यायी सदस्य, गैरहजर सभासदांच्या वतीने. जोडणी चालू राहावी. खाली शिक्का. मग पेन बंद करता करता म्हणाल्या, "अर्थात, ते त्या पदावर आहेत तोवरच. पूर्ण सदस्य झाले तर कलम बावीस त्यांना लागू नाही."

ओफेलियाबाईंनी वारा घेणं थांबवलं.

रविवारच्या सभेला गावाच्या इतिहासात जमली नव्हती एवढी माणसं जमली. पेरासीला पूर्ण सदस्य करण्याचा ठराव छापलेला होता, म्हणून तो वाचावाच लागला. यामिलने विरोध केला. सालोमोननी विरोधाला अनुमोदन दिलं. फ्रीडाबाई म्हणाल्या, "आमच्या मनात तुमच्याबद्दल फार आदर आहे हो, म्हणूनच." चिटणिसांनी सूचना मांडली की पेरासी यांनी जिवंत असेपर्यंत दुसरा पर्यायी सदस्य राहावं, आणि त्यांची तब्येत चांगली राहावी अशी सभेची इच्छा नोंदवावी. त्रेसष्ट हात वर गेले.

मागे, दाराच्या फटीशी, चौसष्टावा हातही वर गेला. एकमताने व्हावं, असं त्याला वाटलं.

ओफेलियाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "पेरासी, हात खाली घ्या. दुसऱ्या पर्यायी सदस्याला मत नसतं."

"खिडकी लावत होतो, बाई," पेरासी म्हणाला आणि उठून खिडकी लावली.